सायलेन्सरच्या लेखावरच्या ‘त्या’ प्रतिक्रियेला उत्तर

‘सगळं पुस्तकी. असले उद्योग घरी बसणाऱ्यांना सुचतात. ग्राइंडर मारा, पाच मिनिटांचं काम.’ ‘एक पुणेकर’ साहेब, गंजून जाम झालेला सायलेन्सर कसा सोडवायचा या माझ्या लेखाखाली तुम्ही हे लिहिलंत. तुमच्या बाकीच्या मुद्द्यांकडे येतोच, पण आधी हे ‘घरी बसणाऱ्यांना’.

हो, लिहितो घरी बसूनच, गाडीखाली आडवं पडून टाइप होत नाही. पण वडिलांच्या जुन्या गाडीचा जाम झालेला सायलेन्सर सोडवायला मी सहकारनगरच्या पार्किंगमध्ये दोन रविवार घातलेत, गाडी नुसत्या जॅकवर नाही, स्टँडवर, आणि तरी डोळ्यात गंज गेलाच. त्याआधी एका गॅरेजवाल्याने तुमचाच पाच मिनिटांचा उपाय केला होता, सायलेन्सर सुटला पण ग्राइंडरची फिरती चकती सायलेन्सरचा पाइप ज्यावर बसतो त्या आतल्या पाइपातही घुसली, म्हणजे तोही नवा घ्या, बिल दुप्पट. लेखाचं नावच ‘पाइप न बिघडवता’ आहे हो! ते तरी वाचलंत का?

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणून सांधा आतून घट्ट आवळला जातो, नुसतं ओढून काय होणार? म्हणून रात्रभर तेल, सकाळी ते पुसून फक्त बाहेरचा पाइप तापवायचा, तोही टाकी, पेट्रोलची लाइन आणि रबरं लांब असतील तरच. ४५ मिलिमीटरचा पाइप ४०० अंशांनी तापला तर व्यास वाढतो जेमतेम ०.२ मिलिमीटर, पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. मग चहूबाजूंनी हलकी हातोडी, उलटसुलट पिळणं, आणि ओढायचं सगळ्यात शेवटी. हे मला नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने शिव्या घालत शिकवलंय. तेच तुमचं पुस्तक.

डब्ल्यूडी-४० हा स्प्रे म्हणजे गंज सोडवायचं खास तेल नव्हे, हे तुमचं बरोबर. ते मुळात पाणी हटवायला काढलेलं, गंज सोडवायचं खास तेल वेगळं मिळतं. लेखात दुरुस्त केलंय, झालं समाधान?

राहिलं तुमचं यू क्लॅम्पचं, म्हणजे सांधा आवळून धरणाऱ्या यू आकाराच्या कडीचं, की क्लॅम्पने दोन्ही पाइप दबून खाच पडली असेल तर माझी पद्धत चालत नाही. नसेल चालत. प्रत्येक गाडीचं मी कुठे लिहीत बसू? तिथे बाहेरच्या पाइपला उभी चीर देऊन स्क्रू ड्रायव्हरने उघडावा लागतो, हे कुणालाही कळतं. आणि ती चीर हॅकसॉने, म्हणजे लोखंड कापायच्या हातकरवतीने, हळूहळू द्यायची असते, ग्राइंडरने नाही.

आणि नाव लिहीत जा. ‘एक पुणेकर’ म्हटल्यावर मला अख्ख्या सोसायटीवर संशय येतो.