मामांच्या कॅसेटी मायक्रोवेव्हमध्ये घालायला सांगणारा तो फॉरवर्ड

गेल्या रविवारी मामींचा फोन आला, म्हणाल्या तू जरा येऊन जा गं, ह्यांनी सकाळपासून गच्चीवर कॅसेटी मांडून ठेवल्यात आणि कुणाचं ऐकत नाहीयेत. मी कॉलेज रोडवरून जुन्या नाशकात पोचेपर्यंत दुपारचे साडेबारा झाले होते, मे महिन्याचं ऊन, आणि गच्चीवर चटईवर व्हिडिओच्या 11 व्हीएचएस कॅसेटी ओळीने. दोन तर उघडून ठेवलेल्या, टेप वर. मामा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि 85-86 च्या सुमारास त्यांनी टीव्हीवर जाझचं काहीही लागलं की भाड्याच्या व्हीसीआरवर ते टेप करून ठेवलं होतं. लेबलवर त्यांच्याच अक्षरात, "जाझ, टीव्ही, रात्री, 86". एवढंच.

तर त्यांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलाय, "टीव्हीवरचा हरवलेला जाझ खजिना" नावाचा, आणि तो आता माझ्याकडेही तीन ठिकाणांहून येऊन गेलाय म्हणून हे लिहितेय. त्यात काय म्हटलंय ते थोडक्यात: ड्यूक एलिंग्टन या अमेरिकन जाझ संगीतकाराचा 1963 चा मुंबईतला कार्यक्रम दूरदर्शनने दाखवला आणि नंतर टेप पुसली, बीबीसीने जाझच्या सगळ्या टेपा द्वेषाने नष्ट केल्या, अमेरिकेत समुद्रात फेकलेल्या टेपा वर काढून कंपन्यांनी लपवल्यात, तुमच्याकडे जुनी कॅसेट असेल तर बुरशी घालवायला उन्हात वाळवा आणि मग 2 मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवा, परदेशी संस्था एका कॅसेटचे 5 लाख देतात त्यासाठी 1500 रुपये भरून नाव नोंदवा, आणि शेवटी, नाहीच काही मिळालं तरी एआय सगळं परत बनवून देईल.

आधी मायक्रोवेव्हचं, कारण त्याने खरंच नुकसान होतंय आणि मामी संध्याकाळी तेच करायला निघणार होत्या.

व्हीएचएस कॅसेटच्या कवचाला खालून पाच स्क्रू असतात, लोखंडी. आत स्प्रिंग असते, धातूच्या पिना असतात आणि टेपवर चुंबकीय लेप असतो तोही धातूच्या ऑक्साईडचाच. हे मायक्रोवेव्हमध्ये घातलं तर ठिणग्या उडणार, प्लास्टिक मऊ पडणार, टेपचा गुंडाळा आतल्या आत चिकटणार. 2 मिनिटं लागणारच नाहीत. कॅसेट तर जाईलच, घरात आग लागली तर काय करणार होता तुम्ही? सत्तरीची माणसं स्वयंपाकघरात हे करतायत, ग्रुपवर कुणीतरी "छान माहिती" म्हणून अंगठा दाखवतंय.

आता इथे थोडं मान्य करावं लागतं, मला आवडत नसलं तरी. टेप "भाजणे" हा प्रकार खरा आहे. 70-80 च्या दशकातल्या काही टेपांमध्ये चुंबकीय कण धरून ठेवणारा जो चिकट थर असतो तो हवेतली ओल शोषून चिघळतो, मग टेप मशीनमध्ये चिकटते, किंचाळते, तिचा थर खरवडून निघतो. अशा टेपा जाणकार लोक नियंत्रित भट्टीत साधारण 50 ते 55 अंशांवर कित्येक तास ठेवतात, मग ती टेप काही दिवस किंवा काही आठवडे वाजवता येते, तेवढ्यात तिची कॉपी काढून घ्यायची. पण हे मुख्यतः स्टुडिओतल्या मोठ्या रिळांचं आणि ठराविक प्रकारच्या टेपांचं आहे, घरगुती व्हीएचएसला बहुतेक वेळा त्याची गरजच नसते. आणि बुरशीचा तर याच्याशी काही संबंध नाही! चिकटणं वेगळं, बुरशी वेगळी. ज्याने हा फॉरवर्ड लिहिला त्याने कुठेतरी अर्धं वाक्य वाचलं, भट्टीचा मायक्रोवेव्ह केला आणि चिकट टेपेची बुरशी केली.

उन्हाचंही तेच. नाशिकच्या मे महिन्यात सावलीतच पारा 40 च्या आसपास असतो, गच्चीच्या फरशीवर किती होत असेल विचार करा. उन्हाने टेपेवरचं चित्र पुसत नाही, ती भीती चुकीची आहे, पण प्लास्टिक वाकतं आणि टेपेच्या कडा लाटेसारख्या होतात, आणि त्या कडांवरच आवाजाचा आणि चित्र स्थिर ठेवणारा कंट्रोलचा ट्रॅक असतो. म्हणजे चित्र हलतं, आवाज जातो. मामांच्या उघड्या ठेवलेल्या दोन कॅसेटींचं आता नेमकं तेच झालंय असं वाटतं, कडा बघितल्यावर माझ्या पोटात कालवलं.

बुरशी दिसत असेल तर एवढंच करा: ती कॅसेट बाकीच्यांपासून वेगळी करा, कागदी पाकिटात घालून कोरड्या गार खोलीत ठेवा, आणि काहीही झालं तरी व्हीसीआरमध्ये घालू नका, कारण बुरशी मशीनच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. फडक्याने पुसत बसू नका, ती धूळ छातीत जाते. ज्या कॅसेटी बऱ्या आहेत त्यांच्या मागच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडलेली नसेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी वर दुसरं काही टेप होणार नाही. आडव्या नका ठेवू, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा.

आता एलिंग्टन. एलिंग्टन 1963 मध्ये भारतात आले होते हे खरं, अमेरिकन सरकारने काढलेला दौरा होता, दिल्ली, हैदराबाद, बंगलोर, मद्रास, मुंबई, कलकत्ता असा. पण मुंबईत टीव्ही सुरू झाला 2 ऑक्टोबर 1972 ला! त्याआधी देशात टीव्ही होता तो दिल्लीत, 1959 पासून, आणि तोही कित्येक वर्षं अगदी थोडा वेळ. मुंबईत केंद्रच नव्हतं तर कार्यक्रम दाखवला कुणी आणि पुसला कुणी? जी टेप कधी झालीच नाही ती शोधायला लोकांना लावायचं, आणि जी खरी टेप घरात आहे ती भाजायला सांगायची. आपल्याकडेही पुढच्या काळात टेपा महाग म्हणून पुन्हा वापरल्या जायच्या असं दूरदर्शनमध्ये काम केलेली माणसं सांगतात, ते मी नाकारत नाही, पण त्यासाठी 1963 ची खोटी गोष्ट लागत नाही.

बीबीसीने टेपा पुसल्या हेही खरं आणि पुष्कळ पुसल्या. अल्बर्ट आयलर या सॅक्सोफोनवादकाचा 1966 चा लंडनमधला कार्यक्रम त्यांनी रेकॉर्ड केला, कधी दाखवलाच नाही आणि नंतर पुसून टाकला, जाझवाले आजही त्याबद्दल हळहळतात. पण कारणं साधी होती, दोन इंची टेप प्रचंड महाग होती, कलाकारांच्या करारांमुळे कार्यक्रम वारंवार दाखवता यायचे नाहीत, आणि 1967 ला रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल कोण बघणार असं त्यांना वाटलं. नाटकं गेली, विनोदी मालिका गेल्या, सगळंच गेलं, एकट्या जाझवर कुणाचा राग नव्हता. 1978 नंतर धोरण बदललं. आणि "सगळ्या नष्ट" हे तर चूकच, जाझ 625 या त्यांच्या 1964 ते 66 च्या कार्यक्रमातले थेलोनियस मंक, बिल इव्हान्स, ऑस्कर पीटरसन हे पियानोवादक आजही बघायला मिळतात.

समुद्रात फेकल्याची गोष्ट मात्र मी आधी थाप समजले होते. ती थाप नाहीये, निदान फेकल्याचा भाग तरी. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने टीव्हीचं जुनं साहित्य वाचवण्याबद्दल 1996 ला सुनावण्या घेतल्या आणि 1997 ला अहवाल काढला, त्यात एडी ॲडम्स या अभिनेत्रीची साक्ष आहे की 70 च्या दशकात ड्यूमाँट या बंद पडलेल्या नेटवर्कचा साठा तीन मोठ्या ट्रकांत भरून नेला आणि न्यूयॉर्कच्या खाडीत बुडवला. पण ड्यूमाँट 1956 ला बंद झालं आणि व्हिडिओटेप बाजारात आली तीच 1956 ला, म्हणजे तिथे होती ती बहुतांश टीव्हीच्या पडद्यावरून काढलेली फिल्म. खाऱ्या पाण्यात पन्नास वर्षं पडलेली फिल्म कुणी वर काढून लपवली म्हणे! त्याच ड्यूमाँटवर 1950 च्या उन्हाळ्यात हेझल स्कॉट ही पियानोवादक स्वतःचा कार्यक्रम करायची, अमेरिकेत नेटवर्कवर स्वतःचा कार्यक्रम असलेली ती पहिली कृष्णवर्णीय बाई. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून संसदेच्या समितीपुढे ती स्वतःहून उभी राहिली आणि आठवड्याभरात कार्यक्रम बंद. त्याचा एकही भाग आज कुठे असल्याचं माहीत नाही. ज्यांना हरवलेल्या टेपांची एवढी कळकळ आहे त्यांनी फॉरवर्डमध्ये तिचं नाव तरी घ्यायचं होतं.

5 लाखांबद्दल काय लिहू. खरी आर्काइव्ह्ज घेतात ती बहुतेक देणगी म्हणून, आणि कुणीही आधी तुमच्याकडून 1500 मागत नाही. पैसे भरू नका, भरले असतील तर सायबर पोलिसांच्या 1930 वर फोन करा. आणि एआयने बनवलेला मंक हा मंक नाही, त्या रात्री त्याने कुठला सूर चुकवला, कुठे उठून पियानोभोवती गोल फिरला हे मशीनला कुठून कळणार? पुढे बोलायला नको.

हरवलेलं सापडतं ते कसं सापडतं हे बघा ना. मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन यांची 1957 ची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलची टेप, टीव्हीची नाही, रेडिओची, 2005 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्येच सापडली, जुन्या टेपांची डिजिटल कॉपी करताना. मंकचं 1969 चं पॅरिसमधलं टीव्हीचं न वापरलेलं चित्रीकरण फ्रान्सच्या आयएनए या संस्थेत पडून होतं, त्यावरून 2022 ला एक फिल्म झाली. डॉक्टर हू ही बीबीसीची मालिका जाझ नव्हे, पण तिचे 9 भाग 2013 ला नायजेरियातून परत आले. आणि फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स बाईंनी घरी बसून तीसेक वर्षं टीव्ही टेप केला, सुमारे 70 हजार कॅसेटी, लोक त्यांना वेड्यात काढायचे. म्हणजे कुणाचं तरी कपाट, कुणाचा तरी चुकीचा डबा, आणि ते फेकून न देणारं एक माणूस. आपल्या नाशिकच्या फाळक्यांच्या राजा हरिश्चंद्रची पूर्ण प्रत आज जगात कुठेच नाही, 1913 चा सिनेमा, आपल्या गावचा माणूस, तेव्हा हे आपल्याला कुणी शिकवायला नको होतं.

मामा आधी चिडले माझ्यावर. "अगं पण ग्रुपवर आलंय, एवढे शिकलेले लोक आहेत त्यात." मग मी 1972 चं सांगितल्यावर गप्प बसले, त्यांना आठवत होतं मुंबईत टीव्ही कधी आला ते. जरा वेळाने म्हणाले, त्या 86 वाल्यात एक सॅक्सोफोनवाला आहे आणि मागे तबला, मी तो सूर क्लॅरिनेटवर बसवायचा प्रयत्न केला होता, जमला नाही.

11 पैकी 9 कॅसेटी आता माझ्याकडे आहेत, कपाटात उभ्या. उन्हातल्या दोन वेगळ्या ठेवल्यात, त्यांना हात लावलेला नाही. अडचण मशीनची आहे, जगात शेवटचा व्हीसीआर बनवणाऱ्या कंपनीने 2016 ला उत्पादन थांबवलं आणि दुरुस्ती करणारे आता कमीच. मोबाईलने टीव्हीचा पडदा शूट करून मला काढायचं नाहीये, व्हीसीआरच्या मागच्या एव्ही आउटमधून, म्हणजे चित्र-आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीतून, नीट कॅप्चर करायचंय. नाशकात कुणाकडे हेड साफ असलेला, चालू व्हीसीआर असेल तर कळवा, सिडको, पंचवटी, देवळाली, कुठेही मी कॅसेटी घेऊन येते, मामांनाही सोबत यायचंय.