ऊसतोड मजुरांच्या टोळीची यादी साखर कारखान्याकडे असते, मग त्या टोळीतल्या मुलांची का नसते?

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी गावात काहीच होत नाही, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. शाळा व्यवस्थापन समिती आहे, ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती आहे, आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत, बचत गट आहेत, कुठे एखादी संस्थाही आहे. अधूनमधून हे सगळे एका सतरंजीवर बसतात, फोटो निघतो आणि खाली ‘लोकसहभाग’ असं लिहिलं जातं. त्यातली बरीच माणसं मनापासून राबतात, याबद्दल मला शंका नाही. माझी तक्रार एवढीच, की ज्याच्यासाठी ही कुटुंबं जवळजवळ सहा महिने घर सोडतात, तो साखर कारखाना त्या सतरंजीवर मला तरी दिसलेला नाही.

आपली सगळी व्यवस्था एका जागी राहणाऱ्या कुटुंबासाठी रचलेली आहे. दसऱ्याच्या सुमारास जन्मलेलं बाळ घ्या. लसीकरणाच्या वेळापत्रकात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस असतात. हे तिन्ही डोस आई फडात, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या शेतात, असताना येतात. गावातल्या आशाताईंच्या यादीत बाळाचं नाव आहे, पण बाळ तिथे नाही. कारखान्याच्या भागात बाळ आहे, पण तिथल्या यादीत नाव नाही. कारण टोळी गावाबाहेर कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, टाकून राहते आणि फड संपला की पुढे सरकते. लस फुकट आहे, कुठल्याही सरकारी केंद्रात मिळते, हे खरंच. पण त्यासाठी दिवस मोडावा लागतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक जण थांबला की तोड अडते आणि वर खाड्याचा, म्हणजे कामावर न आल्याचा, दंड.

२०१९ साली बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. तेव्हा खासगी डॉक्टरांवर टीका झाली, व्हायलाच हवी होती. पण फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत बसलं तर पैसे कापले जातात, ही परिस्थिती काही डॉक्टरांनी आणलेली नव्हती. तो भाग चर्चेतून अलगद गळाला.

शिक्षणात एक योजना मला मनापासून पटते, ती म्हणजे हंगामी वसतिगृह. आई-बाप ऊसतोडीला गेले तरी मूल गावातच राहतं, जेवण शाळेत मिळतं. नाव वसतिगृह असलं तरी बऱ्याच ठिकाणी मुलं झोपायला आजीकडेच जातात. चालवायची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीची, आणि ते योग्यच आहे. कोणत्या आजीला आता दिसत नाही, कोणत्या घरची थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला फडावर नेली जाणार आहे, हे समितीतल्या आयांना जितकं ठाऊक असतं तितकं कुठल्याच कचेरीला नसतं. शिक्षण हक्क कायदा या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला मागतो. गोम पुढे आहे. ज्यांच्या मुलांसाठी वसतिगृह, ते पालकच हंगामात गावात नसतात. मग मागे उरलेले ठरवतात. मंजुरी उशिरा आली आणि टोळी निघाल्यावर चूल पेटली, तर मूल केव्हाच ट्रॉलीत बसून गेलेलं असतं. आठवी पार केलेल्या मुलीचं तर त्याहून अवघड. मागे एकटी ठेवायची भीती, सोबत न्यायचीही भीती, म्हणून लग्न उरकतात. लगेच नवा कोयता तयार!

बाहेर जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून कागद, द्यायची पद्धत आहे. स्थलांतरित मातांचा आणि बालकांचा माग ठेवायला महिला व बालविकास विभागाने संगणक प्रणालीही सुरू केली. चांगलं आहे. पण पत्रक पालकांच्या हातात. म्हणजे पहाटेपासून मोळ्या वाहिलेल्या माणसाने अनोळखी गावात शाळा शोधत हिंडायचं.

कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नाहीत, आमचा करार टोळी आणणाऱ्या वाहतूकदाराशी. कागदावर तसंच असतं. पण कोणती टोळी, कोणाची, किती कोयत्यांची, आज कोणाच्या फडात, हे कारखान्याच्या शेतकी विभागाला पक्कं माहीत असतं. त्याशिवाय तोडीचा प्रोग्राम लागत नाही. त्याच यादीत गरोदर बाया किती आणि मुलं किती वयाची, असे दोन रकाने वाढवायचे आणि आठवड्याला ती यादी जवळच्या आरोग्य केंद्राला आणि जिल्हा परिषद शाळेला द्यायची. ‘अवघड आहे’ असं मला आजवर अनेकांनी सांगितलं. नेमकं काय अवघड, ते कोणी सांगितलेलं नाही.

आणखी एक. याच पट्ट्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावानेच निवडलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. सोबत शेतकऱ्यांची आणि महिलांची मंडळं उभी केली. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याचं कौतुक आपण अजून करतो. पण ती रीत टोळीला लावायला काय हरकत आहे? टोळीनेच आपल्यातली एक बाई निवडायची. लशींच्या तारखा, गोळ्या, शाळेतलं नाव हे तिने बघायचं आणि त्या वेळेचे पैसे कारखान्याने द्यायचे. फुकट ‘सेवा’ म्हणून नको. बायकांच्या फुकट कामावर उभ्या राहिलेल्या योजना आपण खूप बघितल्या.

हे वाचणाऱ्यांमध्ये कारखान्याचे सभासद बरेच असतील. सप्टेंबरच्या आसपास वार्षिक सभा होते, उसाच्या दरावर आणि काटामारीवर, म्हणजे वजनातल्या फसवणुकीवर, तास-तास भांडण चालतं, चालावंही. त्यातली दोन मिनिटं काढून विचारा, ‘गेल्या हंगामात आपल्याकडे आलेल्या टोळ्यांमध्ये सहा वर्षांखालची मुलं किती होती?’ ‘माहीत नाही’ असं उत्तर आलं, तर तेवढं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.