चिपळुणात 'ओपन टु स्काय' हॉल काढणाऱ्याला दंडवत

आमच्या नव्या घराच्या प्लॅनमध्ये हॉलच्या मधोमध एक चौकोन काढलाय आणि त्यात लिहिलंय 'ओपन टु स्काय'. कुठे? चिपळुणात! जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तिथे माझ्या हॉलला आभाळ उघडं. मी विचारलं, अहो, जुलैत काय करायचं? तर आर्किटेक्ट साहेब म्हणतात, "वरून काच टाकू ना, मॅडम." मग उघडं कशाला ठेवलंत? आणि त्या काचेवरचं शेवाळ घासायला दर पावसाळ्यात वर कोण चढणार, तुम्ही येणार आहात का पुण्याहून?

२८०० स्क्वेअर फुटांचं घर बांधतोय आम्ही. आयुष्यभराची पुंजी, वर बँकेचं कर्ज. तेव्हा प्लॅनवर थोडी घासाघीस होणार हे धरलंच होतं. पण या माणसांनी नाकी नऊ आणलेत. हॉल १८ बाय २४, आणि तोही डबल हाइट. म्हणजे वरच्या मजल्यावरची ४३२ फूट जागा हवेत सोडून द्यायची, कशासाठी, तर आल्यागेल्याने मान वर करून "वा!" म्हणावं म्हणून. वीस फुटांवरची जळमटं कशी काढायची, पंखा कसा पुसायचा, हे विचारलं की मी 'निगेटिव्ह'. आणि मी मागतेय काय? स्वयंपाकघराच्या मागे ६ बाय ८ची, वर छप्पर असलेली, वारा खेळेल अशी जागा. कपडे वाळत घालायला. ४८ फूट. त्यावर उत्तर येतं, "एरिया बसत नाहीये."

बसत नाहीये? हवेत ४३२ फूट बसतात आणि माझे ४८ बसत नाहीत?

कोकणात जून ते सप्टेंबर कपडे वाळवणं हे घरातलं एक वेगळं खातं असतं, हे ज्याचं त्यालाच माहीत. सहा माणसांचे रोजचे कपडे, चादरी, अण्णांची धोतरं, वर कुबट वास येऊ नये म्हणून सगळं आलटून पालटून पंख्याखाली. जुन्या घरात पडवी होती, पडवीत वर बांबू टांगलेले होते, प्रश्न मिटलेला होता. बांधणाऱ्याने कुठलं कॉलेज पाहिलं नव्हतं. आता म्हणे "ड्रायर घ्या". त्यात गोधडी घालून दाखवा, मग बोलू.

एलिव्हेशनचं, म्हणजे घराच्या दर्शनी रूपाचं, तर विचारूच नका. थ्रीडी व्ह्यूमध्ये निळंशार आकाश, दारात ताडाची झाडं आणि एक कोण कुठलं गोरं जोडपं उभं. घर म्हणजे एकावर एक ठेवलेली खोकी. एकाही खिडकीला छज्जा नाही! आणि पश्चिमेला सहा फुटी काच. पाऊस आमच्याकडे सरळ खाली पडतच नाही हो, नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येऊन भिंतीला धडकतो. छज्जा दाखवा म्हटलं तर "एलिव्हेशन मार खाईल". खाऊ दे! नाहीतर भिंती मार खातील आणि आतल्या बाजूला पोपडे धरतील. आमच्या रस्त्यावर असले सपाट स्लॅबचे बंगले कमी नाहीत. दोन-चार पावसाळ्यांत गळायला लागले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर आता निळा पत्रा चढलाय, लोखंडी अँगलवर. लाखभर रुपयांचं एलिव्हेशन पत्र्याखाली. आधीच उतरतं छप्पर धरा म्हटलं तर ते 'जुनाट' दिसतं.

घराचं जोतं जमिनीपासून दीड फूट उंच दाखवलंय. २००५चा पूर विसरलात, ठीक आहे, पण २२ जुलै २०२१ पण विसरलात? वाशिष्ठी नदीचं पाणी कुठवर आलं होतं ते अजून इथल्या भिंतींवर दिसतं. आमचा प्लॉट थोडा उंचावर आहे म्हणून काय झालं? इन्व्हर्टर जिन्याखाली, जमिनीला टेकून काढलाय. शाबास.

आणि हे ड्रॉइंगवरचे आकडे! स्वयंपाकघर ९ बाय १० लिहिलंय. मी टेप घेऊन बसले तेव्हा कळलं की हे १० फूट भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत आहेत. बाहेरची भिंत नऊ इंची, आतली साडेचार, वर प्लास्टर, म्हणजे हातात येणार जेमतेम ९ फूट ४ इंच. दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांचे ओटे काढा, फ्रिज ठेवा, आणि मग दोघी बायका पाठीला पाठ घासत भाकऱ्या थापा. बेडरूममध्ये पलंग कसा ऐसपैस दिसतो म्हणून मोजला, तर तो काढलाय पाच बाय सहाचा. आमची गादी सहा बाय साडेसहा. ती टाकली की कपाटाचं दार उघडत नाही.

वास्तुवाले काका आले ते संडासाची जागाच हलवून गेले. आता सेप्टिक टँक एका टोकाला आणि संडास दुसऱ्या टोकाला, पाइप सगळ्या घराखालून. तुंबला की फरशी फोडा. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांच्या बाथरूमचं दार सव्वादोन फुटी. तिथे मात्र कुणाला दोष दिसला नाही.

दीर-जाऊ ठाण्याला. त्यांच्यासाठी अटॅच्ड गेस्ट रूम, १२ बाय १४, गणपती आणि मे महिन्यापुरती. आयजीच्या जिवावर बायजी उदार. ती खोली दोन फूट कमी करू म्हटलं तर घरात सुतक पडल्यासारखे चेहरे.

परवा सुधारलेला प्लॅन आला. त्यात अखेर 'ड्राय एरिया' आहे! ३ बाय ६. आणि एसीची बाहेरची युनिटं तिथेच बसवणार, कारण समोरून ती वाईट दिसतात. जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, बरंच झालं, त्या गरम हवेनं कपडे लवकर वाळतील."

मी सांगून टाकलंय, पावसाळ्यात तुमच्या गेस्ट रूममध्ये खिडकीपासून दारापर्यंत दोऱ्या बांधणार. गणपतीला याल तेव्हा ओले टॉवेल बाजूला सारून झोपा.