खुलासा : ईस्टर हा दुखवट्याचा दिवस नव्हे

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘ईस्टर हा येशूच्या मरणाचा दिवस, ख्रिस्ती शेजाऱ्यांना शुभेच्छा देऊ नका.’ हे साफ चूक आहे. मरणाचं स्मरण गुड फ्रायडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी. ईस्टर हा तिसऱ्या दिवशीच्या पुनरुत्थानाचा, म्हणजे येशू मरणातून पुन्हा उठल्याचा सण. आदल्या रात्री कॅथलिक चर्चमध्ये दिवे मालवतात, बाहेरच्या नव्या अग्नीवर मोठी मेणबत्ती पेटवतात आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या कबरीपाशी रडणाऱ्या त्याच्या अनुयायी मग्दालिया मरीयेला येशू नावाने हाक मारतो आणि लगेच निरोप सांगायला शिष्यांकडे पाठवतो. मला हे पाठवणंच फार मोलाचं वाटतं : आशा मिळाली की उठायचं, आजाऱ्याकडे जायचं, भांडण मिटवायचं. शेजाऱ्यांना खुशाल शुभेच्छा द्या. ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, ५० दिवस चालतो. उशीर झाला तरी हरकत नाही.