‘पाचशेचे दोन लाख झाले, मग लॉकडाऊन कशाला?’ या फॉरवर्डला उत्तर

मार्च लागला, जनता कर्फ्यूची तारीख जवळ आली, की एक लांबलचक मेसेज सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरायला लागतो. यंदा तो माझ्या आत्याच्या मोबाइलवर पोचला. तिला साखरेचा त्रास आहे, वय सत्तरीकडे झुकलंय. ‘हे खरंय का रे?’ एवढंच तिने विचारलं. नाही, आत्या. बरंचसं खोटं आहे, थोडं अर्धवट खरं आहे आणि एक ओळ तर जीवघेणी आहे.

मेसेजचा गोषवारा असा. 2020 मध्ये कोरोनाचा लॉकडाऊन लागला तेव्हा देशात पाचशे रुग्ण होते, उठला तेव्हा दोन लाख, म्हणजे तो वाया गेला. स्वीडनने काही बंद केलं नाही, त्यांचं काही बिघडलं नाही. मास्कने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो. दुकानं चारपर्यंत, लग्नाला पंचवीस माणसं, हे नियम म्हणजे निव्वळ खेळ. 2022 मध्ये सगळं उघडलं आणि काही झालं नाही, म्हणजे आधीही उघडं ठेवता आलं असतं. शेवटी: घरी राहिले ते वाचले, दवाखान्यात गेले ते गेले. म्हणून पुन्हा असं काही आलं तर चाचणी करू नका, दवाखान्याची पायरी चढू नका.

शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो, कारण तिच्यावर विश्वास ठेवणारा माणूस मरू शकतो.

दवाखान्यात कोण जात होतं? ज्याला दम लागत होता तो. घरी कोण राहत होतं? ज्याला दोन दिवस ताप येऊन उतरला तो. मग दवाखान्यात मृत्यू जास्त दिसणारच. 2020 च्या उन्हाळ्यात सोलापूर शहरातला मृत्युदर राज्याच्या सरासरीपेक्षा बराच वर होता, आणि त्याचं एक मोठं कारण तेव्हाच उघडपणे सांगितलं जात होतं: लोक उशिरा येत होते. ‘सिव्हिलला नेलं की माणूस दिसत नाही’ या भीतीने चार-पाच दिवस घरीच काढायचे, ओठ निळे पडले की रिक्षा बोलवायची. मेसेज आज तीच भीती पुन्हा पेरतोय.

या आजाराची सगळ्यात वाईट खोड म्हणजे ऑक्सिजन उतरला तरी काही जणांना दम लागल्याचं जाणवतच नाही. माणूस पलंगावर बसून फोनवर बोलतोय, चहा पितोय, आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा 86. ‘मला तर काही होत नाही’ हे वाक्य अशा वेळी पुरावा म्हणून धरता येत नाही. म्हणून राज्याच्या आरोग्य विभागाने सहा मिनिटं चालण्याची चाचणी सांगितली होती. ती पुन्हा लिहून देतो, कारण फुफ्फुसाच्या कुठल्याही साथीत ती कामाला येईल.

आधी पाच मिनिटं शांत बसायचं. हात गार असेल तर चोळून गरम करायचा. नखाला नखपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर ती नसलेलं बोट घ्यायचं. विड्या वळून किंवा मागावर काम करून बोटांची कातडी जाड झाली असेल तर दोन-तीन बोटांवर लावून पाहायचं, आकडा जुळतो का बघायचं. ऑक्सिमीटर लावल्यावर पहिला आकडा लिहायचा नाही, तो नाचत असतो. स्थिर झाला की लिहायचा. मग ऑक्सिमीटर बोटालाच ठेवून घरातल्या घरात सपाट फरशीवर सहा मिनिटं चालायचं, फार वेगात नाही आणि रेंगाळतही नाही. जिना चढायचा नाही. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं पुरे. चालून झाल्यावर पुन्हा आकडा बघायचा. तो 93 च्या खाली गेला, किंवा आधीपेक्षा तीनहून जास्त अंकांनी उतरला, किंवा धाप लागली, की त्याच दिवशी दवाखाना. एक-दोन अंकांनी उतरला तर दिवसातून दोनदा तपासत राहायचं. बसल्या जागी दम लागत असेल किंवा दमा असेल त्याने ही चाचणी करायचीच नाही. दम्याच्या माणसाने डॉक्टरला विचारायचं, बसल्या जागी दम लागणाऱ्याने सरळ दवाखाना गाठायचा.

आणखी एक. पालथं झोपल्याने आकडा दोन-चार अंकांनी वर येतो हे खरं आहे. पण ते गाडी येईपर्यंतचं काम आहे. पालथं झोपून आकडा 94 वर आला म्हणून दवाखाना रद्द करणारे होते, आणि रात्रीतून परिस्थिती हाताबाहेर जायची. कापूर-ओव्याच्या पुरचुंडीने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, बस.

आता पाचशे आणि दोन लाख. आकडे बरोबर आहेत. 24 मार्च 2020 ला देशात पाचशेच्या आसपास नोंदलेले रुग्ण होते, मेअखेर ते दोन लाखांच्या घरात गेले. पण यातून ‘लॉकडाऊनने काही झालं नाही’ असं निघत नाही. विचारायचं ते हे, की तो नसता तर किती झाले असते? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 20 एप्रिलला सांगितलं होतं की लॉकडाऊनआधी रुग्ण दर 3.4 दिवसांनी दुप्पट होत होते, आता त्याला 7.5 दिवस लागतात. कागद घ्या आणि मांडा. 3.4 दिवसांचा वेग तसाच राहिला असता तर पहिल्या 21 दिवसांत सहा वेळा दुप्पट: 1,000, 2,000, 4,000, 8,000, 16,000, 32,000. प्रत्यक्षात 14 एप्रिलला आकडा 11 हजारांच्या आसपास होता. त्या काळात चाचण्याही वाढत होत्या, म्हणजे आधी निसटणारे रुग्णही मोजले जाऊ लागले होते. शिवाय बंदी नसती तरी घाबरून बरेच लोक आपणहून घरी बसलेच असते, त्यामुळे सगळा फरक लॉकडाऊनच्या नावावर टाकणंही चूक. पण वेग मंदावला हे नक्की.

‘लॉकडाऊन लागल्यावरच तर सोलापुरात कोरोना आला’ असंही एक वाक्य त्यात घुसडलंय. सोलापुरात पहिला रुग्ण निष्पन्न झाला 12 एप्रिलला, तोही मृत्यूनंतर. मृत्यूनंतर निदान होतं याचा अर्थ विषाणू त्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून गल्लीबोळांत फिरत होता. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस, कधी चौदा. तिथून दम लागायला आणखी आठवडा. मृत्यू झालाच तर त्यानंतर. म्हणजे आजचा आकडा ही दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या गर्दीची पावती असते. बंद केल्यावर दोन आठवडे आकडे चढतात आणि उघडल्यावर दोन आठवडे शांत दिसतात, ते यामुळेच. ज्याने आजची तारीख आणि आजचा आकडा शेजारी ठेवून निष्कर्ष काढला तो दोन्ही वेळा फसणार.

स्वीडनबद्दल थोडक्यात. तिथेही 50 पेक्षा जास्त लोकांच्या जमावाला मार्च 2020 अखेरपासून बंदी होती, वृद्धाश्रमांत भेटीगाठी बंद होत्या, मोठ्या विद्यार्थ्यांचे वर्ग ऑनलाइन होते. तरी 2020 मध्ये लोकसंख्येच्या मानाने तिथे शेजारच्या नॉर्वेपेक्षा कितीतरी पट माणसं गेली. आणि एकेकट्याने फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या देशाची तुलना एका खोलीत सहा जण राहणाऱ्या सोलापूरच्या पूर्व भागाशी करायची? मास्कचं तर उत्तर देण्यासारखंही काही नाही. कार्बन डायऑक्साइड हा वायू आहे, तो कापडातून आरपार जातो. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तासन्‌तास मास्क लावून उभे असतात.

खरा वादाचा मुद्दा आहे निर्बंध उठवण्याचा. ‘2022 मध्ये उघडलं तर काही झालं नाही’ हे वाक्य शहाण्यासुरत्या माणसांनाही पटतं. इथे एकच संदर्भ पुरेसा आहे, तो म्हणजे आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, रक्ततपासणीची पाहणी. देशातल्या 70 जिल्ह्यांतल्या लोकांचं रक्त तपासून किती जणांत प्रतिपिंडं (अँटीबॉडी, म्हणजे विषाणू किंवा लस शरीराला ओळखीची झाल्याची खूण) आहेत ते चार वेळा मोजलं गेलं. सोलापूर त्यात नव्हतं, पण आपल्याला लागून असलेले सांगली आणि तेव्हाचं अहमदनगर होते. मे-जून 2020 मध्ये प्रौढांत हे प्रमाण होतं फक्त 0.73 टक्के. दुसऱ्या फेरीत, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, सुमारे 7 टक्के. डिसेंबर 2020 आणि जानेवारी 2021 मध्ये 21 टक्क्यांच्या पुढे. आणि जून-जुलै 2021 मध्ये 67.6 टक्के.

हे आकडे पंढरपूरच्या तीन आषाढ्यांशेजारी ठेवा. 1 जुलै 2020: पादुका एसटीने आल्या, वाखरीचा रस्ता ओस. त्या वेळी शंभरातल्या नव्व्याण्णव जणांच्या शरीराला हा विषाणू माहीतच नव्हता, लस नव्हती. त्या वर्षी दहा लाख वारकरी गावोगावच्या मुक्कामांतून चालत आले असते, मंडपात एकत्र जेवले-झोपले असते, तर परत जाताना तो प्रत्येक तालुक्यात पोचला असता. 20 जुलै 2021: पुन्हा एसटी, मोजकेच मानकरी. योगायोगाने चौथ्या पाहणीचे आकडे याच एकादशीच्या दिवशी जाहीर झाले: दोन तृतीयांश लोकांत प्रतिपिंडं आहेत, पण 40 कोटी लोक अजून असुरक्षित आहेत. तिसऱ्या वर्षी, 10 जुलै 2022 ला, वारी पायी, पूर्ण. मधल्या काळात, ऑक्टोबर 2021 मध्येच, देशाने लशीच्या 100 कोटी डोसांचा टप्पा ओलांडला होता. राज्यातले निर्बंध 1 एप्रिल 2022 पासून उठले ते या सगळ्यानंतर. 2022 ला जे सुरक्षित ठरलं ते 2020 ला सुरक्षित होतं, असं म्हणणाऱ्याने 0.73 आणि 67.6 या दोन आकड्यांमधली माणसं मोजलेलीच नाहीत. तिसऱ्या पाहणीनंतर चौथीपर्यंत जी झेप दिसते, त्यात थोडा वाटा लशीचा आहे, बाकीची दुसरी लाट. एप्रिल-मे 2021 मध्ये बेडसाठी सोलापुरातून लातूर-पुण्याला फोन लावणाऱ्यांना तिची किंमत सांगायला नको.

नियमांच्या विसंगतीबद्दल मेसेज जे म्हणतो त्यातलं काही मला मान्य करावं लागतं, आवडत नसलं तरी. एप्रिल 2021 च्या राज्याच्या ‘ब्रेक द चेन’ आदेशात लग्नाला 25 माणसं, नंतर तर दोन तासांत आटपा, मोडलं तर 50 हजार दंड. आणि त्याच महिन्यात, 17 तारखेला, आपल्याच जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक झाली, प्रचारसभांना वेगळी मुभा होती. लोकांचा नियमांवरचा विश्वास इथे उडाला आणि त्यात लोकांची चूक नव्हती. ‘कोरोना काय चारनंतर येतो का?’ या प्रश्नातही तथ्य आहे. वेळ कमी केली आणि गिऱ्हाईक तेवढंच राहिलं, तर नव्या पेठेच्या बाजारात तीच गर्दी कमी तासांत कोंबली जाते. वेळ घटवण्यापेक्षा आत किती माणसं आणि खिडक्या किती उघड्या, हे बघायला हवं होतं. पण जून 2021 पासून राज्याने पाच स्तर ठरवले, ते मात्र मनात येईल तसे नव्हते. पॉझिटिव्हिटी (शंभर चाचण्यांत किती पॉझिटिव्ह) 5 टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनच्या खाटा 25 टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या, तर पहिला स्तर, जवळपास सगळं खुलं. पॉझिटिव्हिटी 20 च्या वर किंवा खाटा 75 टक्क्यांवर भरलेल्या, तर पाचवा. त्यामुळे ‘दर आठवड्याला नियम बदलतात म्हणजे कुणाला काही कळत नाही’ हे म्हणणं टिकत नाही. आकडे बदलले म्हणून नियम बदलत होते.

आणि सगळ्यात मोठं अर्धसत्य: ‘गरीब मेला.’ हो, त्याची कंबर मोडली. रात्री आठला पंतप्रधानांचं भाषण, बाराला देश बंद, मध्ये चार तास. केंद्राने 29 मार्चला मालकांना पगार द्यायला सांगितलं आणि मेच्या मध्यात तो आदेशच मागे घेतला. विडी कामगार बाईचा हिशेब हजार विड्यांवर असतो. कारखान्यातून पाने-तंबाखू मिळाली नाही तर त्या दिवशीची मजुरी शून्य. मेच्या सुरुवातीला दारूची दुकानं उघडायला परवानगी मिळाली तेव्हा हजारो बायका अजून काम कधी मिळणार याची वाट बघत होत्या. चादरीच्या कारखान्यातल्या कामगाराचंही तेच. याचा राग रास्त आहे आणि मेसेज लिहिणाऱ्याने तोच राग वापरून घेतलाय. पण रागाचं उत्तर ‘चाचणी करू नका’ हे नाही. मागायचं असेल तर हे मागा: बंद जाहीर होण्याआधी बुडणाऱ्या मजुरीचे पैसे खात्यात, पाने-तंबाखू घरपोच आणि वळलेल्या विड्या दारातून उचलायची सोय, एका खोलीच्या घरातल्या रुग्णासाठी वॉर्डातच चालत जाता येईल अशी विलगीकरणाची जागा, आणि सभेला जो नियम तोच लग्नाला.