'बाराच व्होल्ट तर आहेत': गाडीतल्या इन्व्हर्टरबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

गाडीत इन्व्हर्टर कसा बसवायचा हे सांगणारा एक मजकूर सध्या हातोहात पुढे जातोय. माझ्याकडे तो चार जणांकडून आला आणि चौघांनीही एकच विचारलं, "करू का असं?" थोडक्यात तो असा: बॅटरी बाराच व्होल्टची, म्हणून शॉकची भीती नाही. पाचशे वॅटपर्यंतचा इन्व्हर्टर लायटरच्या सॉकेटमध्ये थेट खोचा. फ्यूज उडाला तर त्याहून मोठा टाका. इंजिन चालू ठेवलं की बॅटरी उतरत नाही. गाडी बंद असली तरी काळजी नको, कारण व्होल्टेज घसरलं की इन्व्हर्टर आपोआप थांबतो. आणि शेवटी, इन्व्हर्टर बोनेटखाली बॅटरीला लागून ठेवा.

मी गाड्यांचं वायरिंग करतो. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी खऱ्या गोष्टीवरून निघालेली आहे, म्हणून ती वाचणाऱ्याला पटते. त्यामुळे 'सगळं खोटं' असं म्हणून सोडून देता येत नाही. एकेक मुद्दा घेतो.

"बाराच व्होल्ट, म्हणून धोका नाही."

कोरड्या हाताने बॅटरीची दोन्ही टोकं धरली तर शॉक बसत नाही, हे खरं. पण इन्व्हर्टरचं कामच बाराचे २३० करणं. त्याच्या सॉकेटमधून येणारी वीज घरातल्या विजेइतकीच जीवघेणी असते. शिवाय अनेक स्वस्त इन्व्हर्टरांच्या दोन बाहेरच्या तारांपैकी एकही न्यूट्रल (जमिनीशी जोडलेली) नसते. ज्या घरात आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे तिथे गळती झाली की तो उडतो. गाडीत तसं संरक्षण बहुधा नसतंच. ओल्या हाताने, पावसात दार उघडं ठेवून किंवा सोललेल्या एक्स्टेंशनवर हे चालवू नका.

आणि काही झालं तरी इन्व्हर्टरची वायर घराच्या सॉकेटमध्ये उलटी खोचून घर चालवू नका. मुख्य पुरवठा परत आला की इन्व्हर्टर जळतोच. पण पुरवठा बंद असताना तुमची वीज उलट बाहेरच्या लाइनवर गेली, तर तिथे काम करणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

बारा व्होल्टच्या बाजूला शॉक नसला तरी आग आहे. पाना चुकून दोन्ही टर्मिनलांवर आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. अंगठी किंवा कडं मध्ये आलं तर बोट भाजतं. बॅटरीवर काम करण्याआधी हातातलं सगळं काढून ठेवायचं, निगेटिव्ह आधी सोडायची आणि शेवटी जोडायची. ही शिस्त मी एकदाही मोडत नाही.

"पाचशे वॅट लायटर सॉकेटवर चालतात."

या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. घरात ५०० वॅटला दोन अँपिअरपेक्षा थोडा जास्त करंट लागतो. तेवढेच वॅट १२ व्होल्टमधून काढायचे तर ४२ अँपिअर लागतात, आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरलं तर ५०च्या आसपास. व्होल्ट कमी आहेत म्हणूनच अँपिअर जास्त आहेत. ज्या आकड्याने मजकूर धीर देतो, नेमका त्याच आकड्यामुळे वायर तापते.

लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते १५ अँपिअरचा असतो, काहींत २०चा. १५चा असेल तर आत जातात १८० वॅट आणि बाहेर मिळतात साधारण दीडशे. १०चा असेल तर शंभर. लॅपटॉपचा चार्जर, कॅमेऱ्याचा चार्जर, एखादा दिवा, एवढंच हे सॉकेट पेलू शकतं.

फ्यूज बाजूला ठेवून नुसती वायर पाहू. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची तार, जाऊन-येऊन चार मीटर. तिचा रोध सुमारे २८ मिलीओहम. तिच्यातून ५० अँपिअर गेले तर १.४ व्होल्ट वाटेतच पडतात आणि ७० वॅट उष्णता होते, तीही डॅशबोर्डमागे गुंडाळलेल्या, हवा न लागणाऱ्या वायरीत. हीच तार १६ स्क्वेअर एमएमची असती तर उष्णता ११ वॅटवर आली असती. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे विसरू नका.

आणि वायरीच्याही आधी सॉकेट वितळतं. त्यातला मधला संपर्क म्हणजे एक छोटी स्प्रिंग. ती सैल झाली, तिच्यावर धूळ बसली, की एका ठिपक्याएवढ्या जागेत सगळी उष्णता साठते. काळी पडलेली, प्लॅस्टिक वाकलेली सॉकेटं मी बरीच बदलली आहेत. मालक प्रत्येक वेळी सांगतो की फ्यूज तर उडालाच नव्हता. बरोबर आहे. सैल संपर्क तापवायला फ्यूजच्या मर्यादेतला करंटही पुरतो.

दीडशे वॅटच्या वर जायचं असेल तर थेट बॅटरीवरून जाड, बहुतारी, लवचिक केबल ओढा. घरच्या वायरिंगची एकतारी कडक वायर गाडीच्या हादऱ्यांनी तुटते. हजार वॅटच्या इन्व्हर्टरला शंभरच्या घरात अँपिअर लागतात. दीड-दोन मीटर अंतराला २५ ते ३५ स्क्वेअर एमएम धरा, आणि इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात याहून जाड सांगितली असेल तर तीच घ्या. निगेटिव्हही तितकीच जाड हवी. लग (केबलच्या टोकाचा धातूचा कान) योग्य पक्कडीने दाबून बसवा, पीळ देऊन टेप गुंडाळू नका. पत्र्याच्या भोकातून केबल जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) हवंच.

"फ्यूज उडाला तर मोठा टाका."

फ्यूज उपकरणाला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. १५च्या जागी ३० टाकलात तर वायर तीच राहते, फक्त तिला थांबवणारं कुणी उरत नाही. थेट जोडणीत फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात बसवा. इन्व्हर्टरच्या आत फ्यूज असतो, पण बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्या मधली केबल बॉडीला घासून शॉर्ट झाली तर तो फ्यूज काहीच करू शकत नाही.

"इंजिन चालू असलं की बॅटरी उतरत नाही."

रस्त्यावर गाडी चालते आहे आणि लोड शंभर-दीडशे वॅटचा आहे, तर हे बरोबर. पण लोक हे वाक्य उभ्या गाडीला लावतात. अल्टरनेटरवर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) ९० अँपिअर लिहिलेलं असतं ते इंजिनच्या चढ्या फेऱ्यांचं. आयडलवर त्याहून बरंच कमी मिळतं. त्यातून हेडलाइट, पंखा, फ्युएल पंप भागवायचे आणि मग इन्व्हर्टर. हजार वॅटचा लोड एकटाच सगळा अल्टरनेटर खाऊन टाकतो आणि उरलेलं बॅटरीतून ओढतो. म्हणजे इंजिन चालू असतानाही बॅटरी उतरते.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही; डोकं दुखतं, झोप येते आणि माणूस उठतच नाही. गॅरेजचं दार उघडं ठेवलं म्हणजे भागलं असं समजू नका. गाडी बाहेर मोकळ्यावर काढा, आणि त्या गाडीत कुणाला झोपू देऊ नका.

"इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, बॅटरी सुरक्षित राहते."

बंद होतो, पण कधी? बहुतेक इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टच्या आसपास थांबतात. निवांत ठेवलेली भरलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ दाखवते आणि १२.१-१२.२ला ती निम्मी झालेली असते. म्हणजे इन्व्हर्टर थांबेपर्यंत सेल्फ मारायला काही शिल्लक नसतं. गाडीची बॅटरी सेल्फसाठी दोन-चार सेकंद जोरात करंट द्यायला बनवलेली असते. तिच्या प्लेटा पातळ असतात आणि ती वरचेवर तळापर्यंत रिकामी केली की लवकर मरते. ४५ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीवर ३०० वॅट चालवले तर निम्मी बॅटरी पाऊण तासाच्या आतच संपते.

लोड काढला तरी चालू ठेवलेला इन्व्हर्टर अर्धा-एक अँपिअर खात राहतो. अर्धा धरला तरी दिवसाला १२ एएच. बटण बंद करा, मगच गाडी लॉक करा. आणि फोनसाठी तर इन्व्हर्टर लावूच नका. बाराचे २३० आणि २३०चे परत पाच करण्यापेक्षा साधा यूएसबी चार्जर बरा.

डब्यावरच्या वॅटांबद्दल मजकुरात काहीच नाही, म्हणून एवढं सांगतो: मोठ्या अक्षरातला आकडा बहुधा क्षणभराच्या पीकचा असतो. खरा तो 'सतत'चा आकडा. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट ओढतो, त्यामुळे दीडशे वॅटचा फ्रिज तीनशेच्या इन्व्हर्टरवरही अडतो. 'मॉडिफाइड साइन' प्रकारावर (ज्याची वीज घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहरीची नसते) मोटारी जास्त तापतात. झोपेत श्वासाला मदत करणारं यंत्र किंवा तसलं कुठलंही वैद्यकीय उपकरण चालवायचं असेल, तर त्याच्या उत्पादकाने काय सांगितलंय ते पाहिल्याशिवाय जोडू नका.

"बोनेटखाली, बॅटरीला लागून."

बारा व्होल्टची केबल आखूड हवी, हा त्यातला खरा भाग. पण बोनेटखाली इंजिनची उष्णता आहे, पाणी आहे, आणि चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरी हायड्रोजन सोडते. हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेटतो, आणि इन्व्हर्टर जोडताना ठिणगी पडतेच. तो गाडीच्या आत, कोरड्या आणि हवेशीर जागी स्क्रूने पक्का बसवा. सीटखाली कपड्यांत दाबून ठेवू नका आणि डॅशबोर्डवर मोकळाही ठेवू नका; जोरात ब्रेक लागला तर तो समोरच्या माणसावर येतो. निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असेल तर इन्व्हर्टरची निगेटिव्ह गाडीच्या कंपनीने दिलेल्या बॉडी अर्थच्या जागी जोडा. २४ व्होल्टच्या ट्रकमधल्या दोन बॅटऱ्यांपैकी एकाच बॅटरीवरून १२चा इन्व्हर्टर चालवला तर ती एकटीच उतरत जाते. तिथे २४चाच घ्या. इलेक्ट्रिक गाडीतल्या जास्त व्होल्टच्या नारिंगी केबलींना हात लावू नका.

मजकूर वाचून ज्यांनी आधीच इन्व्हर्टर जोडलाय, त्यांनी आज एक करा. नेहमीचा लोड अर्धा तास चालवा, इन्व्हर्टर बंद करा, प्लग काढा आणि लगेच प्लग, सॉकेट, वायर यांना हात लावून पाहा. कोमट लागलं तर ठीक. हात ठेवता येत नसेल, किंवा जळकट वास येत असेल, तर त्या सॉकेटमध्ये तो पुन्हा खोचू नका.