शिळावर्तुळं वाचवायची तर आधी दगडांमधली माती वाचवा

नागपूरजवळ काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला सुमारे 300 शिळावर्तुळं, म्हणजे मोठे दगड गोलाकार मांडलेल्या जागा, आहेत. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथेही ती आहेत. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोहयुगातल्या माणसांची ही दफनं. पण संवर्धनाची चर्चा निघाली की सगळे फक्त कडेचे मोठे दगड मोजतात. माझं ठाम मत आहे की खरा ऐवज दगडांच्या आत आहे.

आत गोटे आणि चिकणमातीची भर असते. तिच्याखाली हाडं, काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी आणि काही ठिकाणी घोड्याची हाडं, लगाम आणि तांब्याचा साज. कुठली वस्तू कशाशेजारी, किती खोलीवर होती, यावरूनच दफनाचा विधी उलगडतो. जेसीबीने एकदा मुरूम उचलला की ती मांडणी गेली. मग कडेचे सगळे दगड जागेवर असले तरी उपयोग नाही. गुप्तधनासाठी मधोमध खड्डा मारणारे नुकसान करतातच, पण ले-आऊटसाठी, म्हणजे प्लॉट पाडण्यासाठी, जमीन सपाट करणारं यंत्र एका दिवसात अख्खा समूह पुसून टाकतं.

दगड धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सरकवणंही तितकंच वाईट. जुनापाणीच्या काही शिळांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. ते वर्तुळाच्या कोणत्या बाजूला आहेत, हाच अभ्यासाचा विषय, आणि दगड हलला की दिशा हरवते. हे खळगे सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात नीट दिसतात. फोटोसाठी त्यांत खडू किंवा चुना भरू नका.

केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर बांधकामाला मनाई आहे, पुढचे 200 मीटर परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. हे संरक्षण यादीतल्या जागांपुरतंच. खासगी शेतातल्या वर्तुळांची तर अनेकदा नोंदच नसते, म्हणून नोंद आधी करा: जीपीएस, गट नंबर, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन व्यास, दगडांची संख्या, मोजपट्टी ठेवून चारही दिशांनी फोटो. ग्रामसभेचा ठराव जोडून हे सगळं पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयात द्या आणि पोच घ्या. भांडं किंवा लोखंड वर आलेलं दिसलं तर उचलू नका. जागेवरच फोटो काढून तहसीलदारांना कळवा.

कुंपण घालायचं असेल तर खांबांचे खड्डे वर्तुळाला खेटून नकोत, कारण दोन वर्तुळांमधल्या जमिनीतही अवशेष असू शकतात. वृक्षारोपणाच्या खड्ड्यांनाही हेच लागू. कुंपण पूर्ण समूहाच्या बाहेरूनच न्या.